होमोसिस्टीन ३४ आलंय, डाळ-पनीर बंद करायचं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वडील ६४ वर्षांचे, कराडला असतात. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. शुगर जुनी आहे, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. घरात पूर्ण शाकाहार. परवाच्या चेकअपमध्ये होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, ३४ आलं, बरंच जास्त. नात्यातल्या एकांनी लगेच व्हॉट्सॲपवर लेख पाठवला की जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय, अमिनो आम्लांमुळे (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) हृदयविकार होतो, तेव्हा डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे कमी करा. तेव्हापासून आई आमटीत डाळ नावालाच घालते आणि अण्णा अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. दुसऱ्या एका ओळखीच्यांनी आर्जिनिनची पावडर सुचवली, ‘रक्तवाहिन्या मोकळ्या होतात’ म्हणून. तेही अमिनो आम्लच ना? आणि जनुकांवरून आहाराचं कळतं तरी कसं?

शुभदा_नाशिक
आमच्या सासऱ्यांचं २८ होतं. डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं दिली, दोनेक महिन्यांत १४ वर आलं. डाळ बंद करा असं कुणीच सांगितलं नाही.

अनघा_जैवसांख्यिकी
कृष्णाकाठ, आधी आईंना सांगा, आमटी नेहमीसारखी करा. स्टेंट बसवलेल्या, शुगर असलेल्या माणसाचं प्रथिन तोडणं मला फार चुकीचं वाटतं. आता कारण सांगते. माझं रोजचं काम याच प्रकारच्या आकडेवारीचं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

ज्यांचं होमोसिस्टीन जास्त, त्यांना हृदयविकार जास्त, हे जुनं निरीक्षण आहे. पण अशा माणसांत धूम्रपान करणारे, मूत्रपिंड थकलेले, वय झालेले लोकही जास्त असतात. मग दोष नक्की कुणाचा? इथे जनुक कामाला येतं. एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा एक प्रकार दोन्ही पालकांकडून आला, तर होमोसिस्टीन जन्मभर थोडं चढं राहतं. कोणता प्रकार मिळणार हे गर्भधारणेच्या वेळीच ठरतं, तेही नाणेफेकीसारखं. पुढे माणूस काय खातो, विडी ओढतो की नाही, पगार किती, याचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणून हा प्रकार असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो का, एवढं तपासायचं. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी ही पद्धत नीट मांडली, तेव्हापासून तिचा वापर खूप वाढला.

होमोसिस्टीनचं उत्तर काय आलं ते बघा. छापून आलेल्या अभ्यासांची बेरीज केली तर त्या जनुकप्रकारामुळे धोका सुमारे १५ टक्के जास्त दिसत होता. २०१२ मध्ये रॉबर्ट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी तोवर न छापलेली १९ ठिकाणची माहिती गोळा केली, ४८ हजारांवर रुग्ण आणि जवळपास ६८ हजार निरोगी माणसं. त्यात फरक उरला २ टक्के, म्हणजे नसल्यात जमा. ज्यांना काही सापडलं त्यांनी छापलं, ज्यांना नाही त्यांचं कपाटात राहिलं. माझ्या क्षेत्रातली ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण मधल्या काळात कितीतरी लोकांनी त्या १५ टक्क्यांवर विश्वास ठेवला. औषधांच्या चाचण्यांनीही तेच दाखवलं. बी-जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन पाव हिश्शाने उतरवलं, ८ चाचण्या, ३७ हजारांवर माणसं, पाचेक वर्षं. हृदयविकारात फरक नाही. पक्षाघाताचं चित्र थोडं वेगळं आहे. चीनमध्ये रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) फॉलिक आम्लाने (हेही एक बी-जीवनसत्त्व) पक्षाघाताच्या पहिल्या झटक्याचं प्रमाण ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आलं.

आता तुमच्या लेखाचा मुद्दा. जनुक सांगतं ते रक्तातल्या पातळीबद्दल, ताटाबद्दल नाही. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या अमिनो आम्लांचं उदाहरण बघा. यांच्यासाठी बऱ्याचदा पीपीएम१के या जनुकाजवळचे फरक वापरतात. हे जनुक त्या आम्लांचं विघटन सुरू करणाऱ्या यंत्रणेचं आहे. म्हणजे अशा माणसाच्या रक्तात पातळी चढते ती विघटन मंदावल्यामुळे, दोन वाट्या आमटी जास्त खाल्ल्यामुळे नाही. शिवाय नंतरच्या जनुकीय अभ्यासांत उलटी दिशाही दिसली: इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून ही आम्लं साचतात. आणखी एक अडचण. जीसीकेआरसारखं जनुक अमिनो आम्लांबरोबर साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांचीही पातळी हलवतं, मग हृदयावरचा परिणाम कुणाच्या खात्यात टाकायचा? आणि आपण यात फारसे नाहीच. हृदयविकाराच्या जनुकांचा २०१५ चा मोठा अभ्यास, ज्याची माहिती असे लेख लिहिणारे वापरतात, त्यात सुमारे पाऊण हिस्सा युरोपीय वंशाचा होता.

पावडर मात्र अजिबात देऊ नका. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर आर्जिनिन द्यायची अमेरिकेतली चाचणी २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. १५३ रुग्ण, रोज ९ ग्रॅम. आर्जिनिनवाल्यांतले ६ दगावले, दुसऱ्या गटातला एकही नाही. संख्या लहान आहे हे खरं, पण पुढे जनुकीय अभ्यासही त्याच दिशेला गेला. याचा शेंगदाण्यांशी संबंध लावू नका. ९ ग्रॅम आर्जिनिनसाठी पाव किलोहून जास्त दाणे रोज खावे लागतील, चटणीतला कूट कुठे आणि ते कुठे.

प्रयोगशाळा_कोल्हापूर
अनघाताईंनी छान लिहिलंय. टेबलावरची एक गोष्ट सांगतो. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर ट्यूब तशीच ठेवली तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा चढत जातो. ट्यूब बर्फात ठेवून लवकर सेंट्रीफ्यूज करावी लागते, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. घरी येऊन नमुना नेला असेल आणि मुलगा तीन-चार घरं फिरून परत आला असेल, तर ३४ मधले काही त्या पिशवीतले असू शकतात. उपाशीपोटी, लॅबमध्ये जाऊन पुन्हा द्या.

कृष्णाकाठ
नमुना घरूनच नेला होता. आर्जिनिन रद्द. पण मग एमटीएचएफआरची जनुक तपासणी करून घेऊ का? चेकअपवाले फोन करतायत.

अनघा_जैवसांख्यिकी
नको, ते पैसे बी१२ च्या तपासणीला वापरा. जनुक कोणतंही निघालं तरी अण्णांचे उपचार बदलणार नाहीत. आपल्याकडे पातळी वाढण्याचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी २०४ जणांचं रक्त तपासलं होतं, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ७७ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं आणि ४७ टक्क्यांना बी१२ कमी. फॉलेटची (फॉलिक आम्लाचं अन्नातलं रूप) कमतरता जवळपास कुणालाच नाही, कारण भाज्या-डाळी आपण खातोच. शाकाहाऱ्यांत प्रमाण जास्त होतं.

अण्णा शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन, जे बी१२ चं शोषण कमी करतं. पायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, हे विचारा. शुगरमुळेच असेल म्हणून हे बरेचदा सोडून दिलं जातं, आणि बी१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक आम्ल सुरू केलं तर ॲनिमिया झाकला जातो, नसांचं नुकसान चालूच राहतं. बी१२ कमी निघालं तर उपचार घ्यायचेच, ते नसांसाठी आणि रक्तासाठी. स्टेंटच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची जागा मात्र बी१२ घेणार नाही. त्या आणि मेटफॉर्मिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कृष्णाकाठ
मुंग्या येतात, दिवाळीपासून म्हणतायत. शनिवारी लॅबमध्ये घेऊन जातो, बी१२ आणि होमोसिस्टीन दोन्ही. आईला फोन केला, आज तुरीचं वरण लावलंय.