मदत हवी आहे: गिटहबचा टीम प्लॅन सोडावा का?

मंडळी, 14 एप्रिल 2020 ला गिटहबने (कोड ठेवायची आणि टीमने मिळून त्यावर काम करायची साइट) प्रायव्हेट रेपो, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारे कोडचे साठे, कितीही जणांच्या टीमसाठी फुकट केले. पैसे भरून घ्यायचा टीम प्लॅनही माणशी महिना 9 डॉलरवरून 4 वर आणला. लॉकडाऊनमध्ये येणी अडकलेली असताना आमच्या सहा जणांना हा मोठाच दिलासा होता. पण फुकटच्या प्लॅनवर प्रायव्हेट रेपोत ब्रँच प्रोटेक्शन (ठरावीक ब्रँचवर, म्हणजे कोडच्या शाखेवर, कुणी थेट काही बदलू वा पुसू नये म्हणून लावायचं कुलूप) मिळत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. मागच्या महिन्यात एकाने रात्री घाईत मास्टरवर (मुख्य ब्रँचवर) फोर्स पुश केला, म्हणजे तिथलं आधीचं काम पुसून स्वतःची प्रत वर चढवली. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ताजी प्रत होती म्हणून दोन दिवसांचं काम वाचलं. त्यानंतरच आम्ही प्रोटेक्शन लावलं. फुकट प्लॅनवाले मास्टर कसा सांभाळता? प्रत्येकाच्या मशीनवर प्री-पुश हुक (कोड वर चढवण्याआधी आपोआप चालून चुकीचा पुश अडवणारी छोटी स्क्रिप्ट) बसवून भागतं का, की महिना 24 डॉलर भरणंच बरं?