क्रीम आयशॅडो पुण्याच्या उन्हात टिकते का?

दुचाकीवाली:
माझं मत आधीच सांगून टाकते. रोज नोकरीला जाणाऱ्या बाईने पावडर आयशॅडोच्या नादी लागू नये, क्रीम घ्यावी. परवा मावसबहीण म्हणाली, "पुण्याच्या उन्हात क्रीम? दुपारपर्यंत पापणीच्या घडीत लोणी जमेल!" म्हणून हा धागा. मी वारज्याहून हिंजवडीला स्कूटीवर जाते. वर हेल्मेट, खाली स्कार्फ, माणसाला दिसतात ते फक्त डोळे. ब्रश नको, गालावर भुगा पडत नाही. अनामिकेने टेकवली की झालं.

सदाशिवी_खवट:
"झालं" म्हणे! माझं काय झालं ते ऐका. भाच्याची मुंज, मे महिना, हॉलमधले पंखे नावाला फिरत होते. हौसेने तांबूस क्रीम लावली. अक्षता पडेपर्यंत दोन्ही पापण्यांवर मधोमध एकेक जाड रेघ आणि बाकी पापणी कोरी. नणंद विचारते, "वहिनी, रडलात का?" तेव्हापासून पावडर एके पावडर.

दुचाकीवाली:
लावली किती होती?

सदाशिवी_खवट:
चांगली बोटभर. रंग दिसायला नको?

दुचाकीवाली:
अहो, बोटभर तूप वाढतात!

नवरी_सजवते:
नवऱ्या सजवते, त्यामुळे राहवत नाही. बहुतेक जणींचं इथेच चुकतं. डबीवर बोट नुसतं टेकवायचं, आधी हाताच्या पाठीवर घासून त्याला ऊब द्यायची, मग पापणीच्या केसांलगत थोपटायचं. ओढायचं नाही, ओढलं की खालचा थर निघून येतो. कडा वर विरवत न्यायच्या. रंग फिका वाटला तर पहिला थर बसू द्या, मग दुसरा. आणि एका वेळी एकच डोळा! जास्त टिकणाऱ्या क्रीममधला पातळ द्रव लगेच उडून जातो. दोन्ही डोळ्यांवर ठिपके देऊन ठेवले तर दुसरा डोळा विरवायला घेईपर्यंत ते घट्ट बसलेले असतात. त्याच कारणाने डबीचं झाकणही लगेच घट्ट लावा. आणि क्रीम लावायच्या आधी पापणीवरचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन टिपून घ्या, त्यावर क्रीम घसरतेच.

तेलकट_पापणी:
ताई, पटलं. पण माझ्यासारखीच्या पापणीला आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर), मग क्रीम, वर पावडर, एवढं केल्यावरच ती टिकते. मग सरळ प्रायमरवर पावडरच का लावू नये? मधल्या क्रीमचे पैसे का घालवायचे? दुचाकीवालीची "ब्रश नको"ची बढाईही तिथेच संपते. शेवटी ब्रश आलाच.

नवरी_सजवते:
मुद्दा रास्त आहे. तेलकट पापणीला रोजच्यासाठी मीही पावडरच सुचवेन. लग्नात मात्र क्रीम खाली लागतेच, कारण तिच्यावर पावडरचा रंग गडद उठतो आणि चमक नीट धरते. पन्नाशीनंतर पापणी कोरडी, सुरकुतलेली असेल तर उलट पावडरच सुरकुत्या दाखवते, तिथे क्रीम शोभते.

बारीकसारीक:
उन्हाला उगाच दोष देताय. बऱ्याच क्रीममध्ये मेण असतं. मधमाशीचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, आणि पुण्यात ४० झाले तरी आपण बातमी करतो. क्रीम मऊ पडेल, हे मान्य. पण रेघ पडते ती पापणीच्या तेलाने आणि उघडझापीने. माणूस मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी लववतो, म्हणजे तासाला हजाराच्या आसपास घड्या. इस्त्रीची साडीसुद्धा इतकं सहन करणार नाही. (मी पुरुष आहे. बायको आवरेपर्यंत हे मोजून झालं.)

सदाशिवी_खवट:
म्हणजे मुंजीत चूक माझ्या बोटाची होती आणि पंखे निर्दोष? मान्य नाही.

तेलकट_पापणी:
मलाही नाही. घामाचं काय? पावसाळ्यात उन्हाचा पत्ता नसतो, तरी सिंहगड रोडला सिग्नलला थांबले की हेल्मेटमध्ये चेहरा नुसता उकडतो.

दुचाकीवाली:
म्हणून मी घडीत भरतच नाही. केसांलगत पातळ पट्टी, बास. घडीपर्यंत नेलीच नाही तर जमणार कुठून?

सदाशिवी_खवट:
हे आधी सांगायला काय झालं होतं? बरं, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर तासन्‌तास उभी असतेच. यंदा एका डोळ्याला यांची पातळ पट्टी, दुसऱ्याला माझी पावडर. रंग एकच घेईन, नाहीतर नणंद परत विचारेल.