विद्यापीठात शिकताना धार्मिक कामात सहभागी व्हायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

पहिलंसत्र:
एमएस्सीच्या पहिल्या सत्राला आहे. घरी देवधर्म होता, पण तो मोठ्यांनी करायचा आणि आम्ही नमस्कार करायचा, एवढाच. आता स्वतःहून काही करावंसं वाटतंय. विद्यापीठात विद्यार्थ्यांचं भजनी मंडळ आहे, आठवड्यातून एकदा ग्रंथाचा अभ्यासवर्ग भरतो आणि ध्यानाचा एक गटही आहे. प्रॅक्टिकलं सोडून आठवड्याला चार-पाच तास मोकळे मिळतात. तिन्हीकडे जावं का? भलत्याच गटात अडकायचीही भीती वाटते. जाणकारांनी सांगावं.

ओसरी:
तिन्हीकडे एकेकदा जाऊन ये, पण नाव एकाच ठिकाणी घाल. चार-पाच तास मोकळे आहेत म्हणतोस, त्यातले दोनच हाताशी आहेत असं धर. तासाभराची प्रार्थना असली तरी जाणं-येणं, आधीची मांडामांड आणि नंतरच्या गप्पा धरून सहज दोन तास जातात. हा हिशेब न करता दोन-तीन गट धरणारे पहिल्या अंतर्गत परीक्षेला सगळंच सोडतात, आणि मग संकोचाने परत फिरकत नाहीत.

पहिली भेट उत्सवाच्या दिवशी नको. त्या दिवशी सगळेच पाहुण्यांच्या सरबराईत असतात, गटाचा खरा स्वभाव साध्या आठवड्यात दिसतो. जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारून घे: किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपतं, डोकं झाकावं लागतं का, नवख्याने बसायचं कुठे. किमान तीनदा गेल्याशिवाय मत बनवू नकोस.

आणि लवकरात लवकर एखादं लहान, ठरलेलं काम माग. सतरंज्या घालणं, चपला नीट लावणं, माइक जोडणं, काहीही. नुसतं मागे बसून ऐकणाऱ्याला महिनोन्महिने कुणी ओळखत नाही. सतरंजीचं दुसरं टोक धरणाऱ्याशी मात्र पहिल्याच दिवशी बोलणं होतं.

टाळकरी:
भजनी मंडळात जाणार असाल तर टाळापासून सुरुवात करा. पेटी-पखवाजाला वर्षं लागतात, टाळावर साधा ठेका महिनाभरात बसतो. नवख्याची पहिली चूक म्हणजे दोन्ही टाळ टाळी वाजवल्यासारखे समोरासमोर आपटणं. मध्ये हवा कोंडते आणि नुसता ‘थप्प’ आवाज येतो. एक टाळ स्थिर धरा, दुसरा किंचित तिरका आणून कडेवर कड लागू द्या, आणि लगेच सोडा, म्हणजे नाद मोकळा होतो. दोरी बोटाला घट्ट आवळू नका, बोट बधिर होतं आणि टाळही नीट झुलत नाही. दुसरी चूक लय वाढवण्याची: रंग चढला की हात पळतो. कान गाणाऱ्याकडे न ठेवता पखवाजाकडे ठेवा.

पंचांग_वाचणारी:
सत्र सुरू होताच विद्यापीठाचं वेळापत्रक आणि आपल्या धर्माची दिनदर्शिका शेजारी ठेवून बघा. बरेच घोळ तिथेच टळतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. इस्लामी दिनदर्शिकेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. म्हणजे पहिल्या वर्षी सुट्टीत आलेला महिना शेवटच्या वर्षी परीक्षेवर येऊ शकतो. हिंदू पंचांगात अधिक मास असल्यामुळे सण ठरावीक ऋतूतच राहतात, तरी तारखा मागेपुढे होतातच. शुक्रवारच्या जुम्याची वेळ आणि दुपारचं प्रॅक्टिकल एकमेकांवर येत असेल तर तुकड्या पाडण्याआधी विभागाला लेखी कळवा. तुकड्या पडल्यावर बदल मिळणं फार कठीण जातं. रजा हवी असेल तर अर्जात तारीख, कारण आणि बुडालेलं काम कधी भरून काढणार, तिन्ही लिहा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि अर्ज तिथेच अडतो.

उपास पहिल्यांदाच करत असाल तर पेपरच्या दिवशी निर्जळी नको. मधुमेहासारखं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खिडकीपाशी:
भलत्या गटाची भीती रास्त आहे. गट कोणत्या संस्थेचा, प्रमुख कोण, हिशेब कुणाला बघायला मिळतो, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारा. नीट चालणारा गट हे विनासंकोच सांगतो. ‘हळूहळू कळेल’ असं उत्तर आलं की सावध व्हा. एकदा ‘या आठवड्यात परीक्षा आहे, येणार नाही’ असं कळवून बघा. ‘अभ्यास कर, शुभेच्छा’ एवढंच उत्तर आलं तर ठीक. सारखे फोन, अपराधीपणा वाटेल असे निरोप, घरच्यांपासून गोष्टी लपवण्याचा सल्ला, शिक्षण सोडण्याची भाषा, उधारी करून देणगी, यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर पडा. कारण देत बसू नका. विद्यापीठात विद्यार्थी-समुपदेशक किंवा चॅपलन (संस्थेने नेमलेला धार्मिक मार्गदर्शक) असेल तर त्यांच्याशी बोला. चॅपलनशी बोलायला त्याच्याच धर्माचं असावं लागत नाही.

पहिलंसत्र:
सगळ्यांचे आभार. भजनी मंडळाचं जवळपास ठरलं. ध्यानाच्या गटाने दहा दिवसांचं विपश्यना शिबिर सुचवलंय. सत्रांच्या मधल्या सुट्टीत जावं का?

ओसरी:
विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं असेल तर 10 नव्हे, 12 तारखा मोकळ्या लागतात. आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं. पहाटे चारला उठणं, दिवसभरात दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, आणि फोन-पुस्तकं-वही सगळं बंद. म्हणजे ‘सोबत थोडा अभ्यास करेन’ हा बेत विसर. परीक्षेच्या तोंडावर तर नकोच, परतल्यावर चार दिवस हाताशी ठेव. शुल्क नसतं, आणि देणगीही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. मानसिक आजारावर उपचार चालू असतील किंवा पूर्वी झाले असतील तर अर्जात स्पष्ट लिही. तिथे लपवणं धोक्याचं आहे. आधी गटाच्या साप्ताहिक बैठकीत महिना-दोन महिने बस. तासभर मांडी घालून बसण्याची गुडघ्यांना तेवढ्यात थोडी सवय होते.

टाळकरी:
एक राहिलं. मंडळात कपाटाची किल्ली, गटाचा पासवर्ड आणि वर्गणीची वही कुणाकडे आहे ते बघा. तिन्ही शेवटच्या वर्षाच्या एकाच मुलाकडे असतील तर तो पास झाला की मंडळ बंद पडतं. विद्यार्थ्यांची मंडळं बहुतेक अशीच बुडतात. वही आत्ताच मागून घ्या, आणि वर्गणी मोजताना दोघं बसा, दोघांच्या सह्या त्याच दिवशी.