रॉड होल्डर उपटून आला, मदत हवी आहे (अर्जंट)

खाडीकाठचा: काल निवतीच्या दीपगृहाच्या बाहेर ट्रोलिंग करताना सुरमईने लुअर (नकली आमिष) घेतला आणि रॉड (गळाची काठी) अडकवायचा होल्डरच सुटला. भावाने रॉड झडप घालून पकडला म्हणून वाचला, होल्डर गेला. चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिलीत, आत नुसता पांढरा भुगा. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, शनिवारी परत निघायचंय. पक्का कसा बसवू?

वेंगुर्लेकर: होडी कसली, लाकडी की फायबर? होल्डर काठावर होता की मागे?

डोलकर७: ट्रॉलिंगला विंच लागतो, छोट्या होडीवर जाळं ओढायच्या भानगडीत पडू नका.

वेंगुर्लेकर: अहो ते ट्रॉलर वेगळे. हे चालत्या होडीमागे गळ ओढणं.

खाडीकाठचा: फायबर, १८ फुटी. होल्डर काठावर.

तांडेल_मालवण: फायबरात स्क्रू टिकणारच नाय, पत्रा तो केवढा जाड असतो. बोल्ट आरपार घाल, खालून मरीन प्लायची नायतर जाड फायबरची पट्टी दे, मोठे वॉशर, नायलॉकचे (हादऱ्याने न सुटणारे) नट. नायतर परत जातली.

पुणे_अँगलर: आणि भोकांत सिलिकॉन भर, मी भरलंय, दोन वर्षं काही झालं नाही.

वेंगुर्लेकर: बाथरूमचं सिलिकॉन नको, सुटतं, वर परत काही चिकटत पण नाही. मरीनचा पॉलियुरेथेन सीलंट घ्या. काठात प्लाय असेल तर आधी भोकाच्या कडांना इपॉक्सी पाजा, पाणी शिरलं की प्लाय आतून कुजतो आणि वरून कळत नाही.

खाडीकाठचा: सांगायचं राहिलं, काठ पोकळ आहे, आतून हात जात नाही. नट कसा लावणार??

तांडेल_मालवण: हां मग आधी सांगायचं ना रे. काठाचा नाद सोड. दोन्ही बाकांना आरपार बोल्ट मारून आडवी सागवानी फळी बसव, तिच्यावर दोन होल्डर. माझी अशीच आहे, आठ वर्षं झाली, हलली नाय.

जुना_गळकरी: आमचे बाबा तंगूस (नायलॉनची दोरी) हातात धरून सुरमई काढायचे, बोटांवर कायमचे वळ होते. माशाचा पहिला झटका हाताला कळतो तो होल्डरला नाही कळत.

पुणे_अँगलर: बोल्ट ३१६ स्टेनलेसचेच (खाऱ्या पाण्यात टिकणारे) घे, लोहचुंबक लावून बघ, चिकटला नाही तर ३१६.

वेंगुर्लेकर: चुकीचं सांगताय. ३०४ (साधं स्टेनलेस) पण सहसा चिकटत नाही, चुंबकाने फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए४ छापलेलं बघा, तेच ३१६. आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) किती ठेवला होता?

खाडीकाठचा: पूर्ण आवळलेला होता, मासा सुटू नये म्हणून.

वेंगुर्लेकर: मग नुसता होल्डरचा दोष नाही. होडी ५-६ नॉट्सला असते, त्यात मासा उलटा पळतो, सगळा झटका स्क्रूवर. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ड्रॅग ठेवा, वजनकाट्याने ओढून बघा. रॉडला सेफ्टी दोरी बांधा, ती बाकाला, होल्डरला नको.

डोलकर७: जुनं ९.९ एचपीचं इंजिन कोणी विकतंय का?

खाडीकाठचा: उद्या फळी आणतो. ८ एमएमचे ए४ बोल्ट मालवणात कुठे मिळतील? गुरुवारपर्यंत हवेत.