ऑफिसातला सीक्रेट सँटा : ३४ माणसं, ५०० रुपये आणि डोक्याला ताप

गळ्यातलं_लोढणं (प्रश्न)

यंदा नाताळाच्या सीक्रेट सँटाचं (चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची) आयोजन माझ्याकडे आलंय. टीम ३४ जणांची. २८ पुण्यात, उरलेले ६ घरून काम करतात (नागपूर, कोल्हापूर, मडगाव वगैरे). वरून आलेला नियम एकच, "५०० रुपयांपर्यंत". २०२६चा नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे गुरुवारपासूनच माणसं गायब.

तक्रारी नेहमीच्याच. कुणाला स्वतःचीच चिठ्ठी निघते, मग सगळ्या परत डब्यात. दोघं नेमके एकमेकांचेच सँटा निघतात. कुणी दीडशेचा मग आणतं, कुणी बाराशेचा परफ्यूम, आणि मगवाला वर्षभर खाली मान घालून फिरतो. कुणी मधेच राजीनामा देतं. एकजण तर हमखास रिकाम्या हाताने येतो.

"बंदच करून टाका" हा सल्ला नको, तो माझ्या हातात नाही. चिठ्ठ्यांपासून वाटपापर्यंत नीट कसं लावायचं तेवढं सांगा.

---

उलटी_पालटी

खोट चिठ्ठ्यांच्या डब्यातच आहे. ३४ जणांनी न बघता चिठ्ठी उचलली तर किमान एकाला स्वतःचं नाव निघण्याची शक्यता जवळजवळ ६३ टक्के असते. माणसं वाढवा नाहीतर कमी करा, दहाच्या वर हा आकडा हलत नाही. म्हणजे तीनात दोन वेळा डबा परत भरायचाच. "स्वतःची आली की परत टाका आणि दुसरी घ्या" असं केलं तरी शेवटच्या माणसासाठी त्याचीच चिठ्ठी उरू शकते, आणि तो परत टाकणार कुठे? दोघं एकमेकांचे सँटा होण्याची शक्यताही सुमारे ४० टक्के. तुमच्याकडे जे होतंय ते नशीब नाही, गणित आहे.

उपाय : चिठ्ठ्या सोडा, साखळी करा.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये पहिल्या कॉलममध्ये ३४ नावं. दुसऱ्या कॉलममध्ये रँड फंक्शन, म्हणजे =RAND(), लिहून खालपर्यंत ओढा, प्रत्येकापुढे एक यादृच्छिक आकडा येईल. आता ते आकडे कॉपी करून त्याच जागी "फक्त व्हॅल्यू" म्हणून पेस्ट करा. ही पायरी लोक गाळतात. रँडचा आकडा शीटमध्ये काहीही बदललं की नव्याने पडतो, त्यामुळे एकदा क्रम लावून लोकांना कळवलं आणि नंतर कुणी चुकून पुन्हा सॉर्ट केलं, तर निराळीच यादी तयार होते. मग दोन्ही कॉलम एकत्र निवडून आकड्यांप्रमाणे सॉर्ट करा. प्रत्येकाने आपल्या खालच्या ओळीतल्या माणसाला भेट द्यायची, शेवटच्याने पहिल्याला. झालं. स्वतःचं नाव येणं अशक्य, जोडी जमणंही अशक्य.

नको असलेल्या जोड्या (नवरा-बायको, मॅनेजर आणि त्याच्याच हाताखालचा) एकाखाली एक आल्यात का बघा. आल्या असतील तर त्यातल्या एकाला उचलून चार ओळी खाली टाका. मॅनेजरच्या वरच्या ओळीत दुसऱ्या टीमचा लीड आणून ठेवणं उत्तम. हाताखालच्याला साहेबांचं नाव निघालं की ५०० ची मर्यादा तिथेच मोडते.

साखळीचा खरा फायदा राजीनाम्याच्या वेळी कळतो. अ ने ब ला आणि ब ने क ला द्यायचं होतं, ब गेला. फक्त अ ला कळवायचं, "आता तुझा माणूस क". बाकी ३२ जणांना पत्ताही लागत नाही. नवा माणूस आला तर दोघांच्या मधे घुसवायचा.

वाटपसुद्धा ओळीनेच लागतं. एकाने भेट उघडली, सँटा ओळखला, की तो सँटा पुढे येऊन स्वतःची भेट उघडतो. ३४ वा माणूस पहिल्यापाशी येऊन पोचतो, मधे "आता कोण राहिलं रे?" होत नाही.

---

रमेदीचा_रस्ता

एकच मुद्दा, पण आधी वाचा. कार्यक्रम २४ डिसेंबरला ठेवू नका. २४ च्या रात्री मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते, त्यामुळे वसईचे, मुंबईचे, गोव्याचे ख्रिस्ती सहकारी बहुधा २३ पासूनच सुट्टीवर. ज्यांचा सण आहे तेच गैरहजर आणि बाकीचे लाल टोप्या घालून फोटो काढतायत, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं. १७ किंवा १८ तारीख धरा, गुरुवार-शुक्रवार आहे. उशीर झालाच तर घाबरायचं कारण नाही. नाताळाचा हंगाम २५ ला संपत नाही, ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो, गोव्यात रेइश मागुश आणि चांदरला मोठा. राहिलेल्या भेटी तोवर दिल्या तरी सणातच दिल्यासारख्या.

---

बिल_फाडके

पैशाचं बोलतो. "५०० पर्यंत" हा नियमच भांडणाचं मूळ आहे, कारण दीडशेचा मगही त्यात बसतो. वरची मर्यादा असते तशी खालचीही लागते. "४०० ते ५००, प्रत्यक्ष मोजलेली रक्कम, डिलिव्हरी धरून" असं लिहा. "प्रत्यक्ष मोजलेली" हे शब्द घालाच. गिफ्टच्या वस्तूंवर छापील किंमत १२९९ आणि विक्री ३४९ ला, हा सर्रास प्रकार आहे. घेणाऱ्याला वाटतं बाराशेचं मिळालं, शेजारच्याला प्रामाणिक छापील किमतीचं ४५० चं पुस्तक मिळालेलं असतं, आणि हिशेब सुरू.

छापील किंमत कायद्याने पॅकवर असणारच, त्यामुळे खोक्यावर छापलेली असेल तर खोकंच काढून टाका. स्टिकर असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यापासून सावकाश ओढा. मागे राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. नखाने खरवडलं की कागद अर्धा निघतो आणि किमतीचे नेमके शेवटचे दोन आकडे शिल्लक राहतात.

ऑनलाइन मागवलं तर थेट ऑफिसच्या पत्त्यावर नको. खोक्यावर तुमचं नाव, आत बिल, आणि सिक्युरिटीवाला मजल्यावर येऊन तुमच्याच नावाने हाक मारणार. सीक्रेट तिथेच संपलं.

काय घेऊ नये : मग, फोटो फ्रेम, डायरी (जानेवारीत कंपन्यांच्या फुकट येतातच), सुगंधी मेणबत्ती, देवाच्या किंवा बुद्धाच्या मूर्ती, डिओ (देणाऱ्याच्या मनात काही नसतं, घेणाऱ्याच्या येतं), मापाचे कपडे. खाण्याचं देताना अंडं, जिलेटिन आणि दारू विचारा. प्लम केकमधला सुका मेवा बऱ्याचदा रममध्ये भिजवलेला असतो आणि "एगलेस" लिहिलेल्या केकमध्येही तो असू शकतो. पातीचा चहा किंवा फिल्टर कॉफीची पावडर, चांगला सुती टॉवेल, मराठी पुस्तक, चार्जिंगचा छोटा टॉर्च, फोडणीची लोखंडी पळी (फक्त स्वयंपाक करणाऱ्याला) ही ५०० च्या आत खरंच वापरली जाणारी मंडळी.

व्हाउचरबद्दल : बँकेचं गिफ्ट कार्ड असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याची मुदत किमान वर्षभर असते, पण दुकानांची स्वतःची व्हाउचरं त्या नियमात येत नाहीत. मागच्या बारीक अक्षरात "किमान खरेदी ९९९" असेल तर तुम्ही भेट दिली नाहीत, ४९९ चा खर्च गळ्यात मारलात.

आणि नावं वाटायच्या आधी प्रत्येकाकडून तीन ओळी भरून घ्या. रोज काय वापरता, काय अजिबात नको, काय खात नाही. "काहीही चालेल" हे उत्तर स्वीकारायचं नाही.

---

गळ्यातलं_लोढणं

साखळी पटली. दोन शंका. यादी मी केली तर मला सगळ्यांचे सँटा कळणार, माझा खेळ संपला. आणि बाहेरगावच्या सहाजणांचं काय?

---

पुठ्ठा_आणि_सुतळी

पहिल्या शंकेवर सोपा इलाज म्हणजे खेळात नसलेल्या माणसाकडून, रिसेप्शन किंवा ॲडमिनमधून, शीट करून घेणं. कुणालाच कळायला नको असेल तर कात्रीची पद्धत आहे. ३४ सारखी कार्डं घ्या. प्रत्येकावर वरच्या आणि खालच्या अर्ध्यात एकच आकडा लिहा, १ ते ३४. उपडी करून पिसा आणि उपडीच एका रांगेत मांडा. सगळी मधोमध कापा. आता खालचे अर्धे सगळे एक जागा उजवीकडे सरकवा, शेवटचा उचलून पहिल्या जागी. वरचा आणि खालचा अर्धा न बघता एकत्र स्टेपल करा, की पुन्हा साखळीच तयार. प्रत्येकाने एक जोडी उचलायची. वरचा आकडा तुमचा, भिंतीवरच्या यादीत त्या आकड्यापुढे आपलं नाव लिहायचं. खालचा आकडा तुमच्या माणसाचा. कागद जाडच घ्या, साध्या कागदावर स्केचपेनचा आकडा मागून दिसतो. तोटा असा की नको असलेल्या जोड्या टाळता येत नाहीत, आणि बाहेरगावच्यांसाठी कुणीतरी जोडी उचलून द्यावी लागते. तुमच्या टीमसाठी मी रिसेप्शनच म्हणेन.

आता ते सहाजण. त्यांची वेगळी सहाची साखळी करायचा मोह होईल, करू नका, "बाहेरचे" म्हणून बाजूला पडतात. एकाच साखळीत ठेवा, पण त्यांच्या वरच्या ओळीतल्यांना आठवडाभर आधी नाव द्या.

पुण्याहून पार्सल पाठवणार असाल तर आकार बघा. खासगी कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५००० ने भागतात, आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा तो आकडा मोठा असेल तर त्याचे पैसे. ४०० ग्रॅमचा टेडी ३० × २० × २० च्या खोक्यात घातला की १२,००० भागिले ५००० म्हणजे २.४ किलो. वस्तू ५०० ची आणि पाठवणीचे पैसे २.४ किलोचे. चपटं पाठवा : पुस्तक, टॉवेल, चहा. परफ्यूम आणि पॉवर बँक पार्सलने नकोच. एकात ज्वलनशील अल्कोहोल, दुसऱ्यात लिथियम बॅटरी. विमानाच्या टपालात अडकतात किंवा परत येतात. १० डिसेंबरपर्यंत निघालं पाहिजे. घेणाऱ्याला एवढंच सांगा की कॅमेऱ्यासमोरच उघडायचं.

गुंडाळायचं मापही सांगून ठेवतो, कारण कागद हमखास दोन बोटं कमी पडतो. २० × १२ × ८ सेंमीचं खोकं धरा. त्याचा वेढा म्हणजे १२ आणि ८ ची दुप्पट बेरीज, ४०. त्यात ३ सेंमी चढ, झाले ४३. दुसऱ्या बाजूने लांबी २० आणि दोन्ही टोकांना ५-५, म्हणजे ३०. टोकाला उंचीच्या अर्ध्याहून थोडंच जास्त लागतं. पूर्ण उंचीइतका कागद सोडला की टोकाला गाठोडं होतं. स्टेशनरीत मिळणाऱ्या ५० × ७० च्या एका कागदात अशी दोन खोकी बसतात. चमकीचा, प्लॅस्टिक चढवलेला कागद टाळा. घडीवर उसळतो, टेप सुटते, आणि रद्दीवालाही घेत नाही.

---

आहेराची_वही

सगळं खरं, पण एक बघा. भाग घेणार का हे ग्रुपवर विचारू नका. तिथे "नाही" म्हणायला कुणाची हिंमत होत नाही, विशेषतः इंटर्नची. खासगी फॉर्म पाठवा आणि जो "हो" भरेल तोच यादीत, न भरणारा आपोआप बाहेर. आपल्याकडे आहेराची वही असते, कुणी किती घातले ते लिहून तेवढेच परत करायला. सीक्रेट सँटाची सगळी मजा ती वही ठेवता येत नाही यात आहे. म्हणून वाटपानंतर "किती पडले रे?" विचारणाऱ्याला आधीच आवरा.

आणि सफाईवाल्या मावशी, पँट्रीतले दादा यांना खेळात ओढू नका. कंत्राटी पगारात ५०० रुपये फार असतात. त्यांना टीमकडून वेगळं द्या, पाकिटात, कॅमेरा बाजूला ठेवून.

---

गळ्यातलं_लोढणं

फॉर्म उद्याच पाठवते. शेवटचं : जो रिकाम्या हाताने येतो त्याचं काय?

---

बिल_फाडके

भेट दोन दिवस आधी रिसेप्शनला जमा करायची, वर फक्त घेणाऱ्याचं नाव. आदल्या संध्याकाळी मोजा, ३४ भरतात का. शिवाय सुरुवातीलाच प्रत्येकी ३० रुपये यूपीआयने घ्या, १०२० होतात, त्यात दोन राखीव भेटी येतात. कुणालाही चालेल अशाच घ्या, चहा आणि टॉवेल. लागल्या तर विसरणाऱ्याकडून ५०० वसूल करा, गुपचूप. नाही लागल्या तर चहा पँट्रीत, टॉवेलचं काय ते तुम्ही बघा.