मेसेज डिलीट केला आणि ग्रुपच गप्प झाला, काय करू?

वर्तकनगरची आई
नमस्कार. माझ्या ९ वर्षांच्या मुलाला टाइप वन डायबेटीस आहे. ठाण्यात आमच्यासारख्या आईबाबांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ११० जणांचा. अ‍ॅडमिन मी. या ग्रुपने मला तीन वर्षं सांभाळलंय. रात्री दोनला मुलाची शुगर घसरून ५८ आली की कोणीतरी जागं असायचंच, "ग्लुकोज दे, १५ मिनिटांनी परत बघ" म्हणायला.

गेल्या महिन्यात एका बाबांनी कसल्याशा चूर्णाची जाहिरात टाकली, 'इन्सुलिन कायमचं सुटेल'. मी लगेच उडवली आणि त्याबद्दल मला जराही शंका नाही. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बंद केलं तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून मूल आयसीयूत जातं.

त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला एका आईने लिहिलं. मुलगा दप्तरात लपवून पेढे खात होता, शुगर ४१० आली, तिने त्याला मारलं. "दिवसातून चार वेळा टोचणारी मीच, आता मारणारीही मीच. मला नाही जमत." लगेच दोघांनी तिला सुनवायला सुरुवात केली. भांडण नको म्हणून मी सगळंच काढलं, तिच्या मेसेजसकट, आणि दोन दिवस ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवला.

तेव्हापासून नुसते आकडे येतात. उपाशीपोटी १३२, झोपताना १८०. कोणी रडत नाही, कोणी चिडत नाही. ती आई ग्रुप सोडून गेली. माझं कुठे चुकलं?

ऐरोलीकर
ताई, मी डिमेन्शिया झालेल्यांच्या घरच्यांचा ग्रुप सांभाळतो. तुम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एकच गोळी दिलीत.

जाहिरात काढलीत ते बरोबर, पण आधी तिच्याखाली कारण लिहायला हवं होतं. ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती राहतेच, उत्तर मात्र मिळत नाही. मग ते तुम्हाला न विचारता चूर्ण मागवतात. औषधांच्या आणि जादूटोण्यासारख्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच त्यात मनाई आहे. आम्ही ही दोन वाक्यं तयारच ठेवलीत, वाद वाढत नाही.

त्या आईने कोणाला चुकीचा सल्ला दिला नव्हता. ती मदत मागत होती. काढायचे तर खालचे दोन मेसेज काढायचे.

दोन मुलींची आई, नेरूळ
मला हे पूर्ण पटत नाही. माझी थोरली १३ वर्षांची, तीही टाइप वन, आणि ती माझा फोन वाचते. 'मला नाही जमत' हे तिने वाचलं असतं तर? आईला माझं ओझं झालंय, एवढंच तिला कळलं असतं. मीही तो मेसेज काढला असता. पण काढण्याआधी त्या बाईला फोन केला असता.

कळव्याचा बाबा
मी अ‍ॅडमिन नाही, साधा मेंबर आहे, म्हणून सांगतो. मेसेज गेला तरी 'अ‍ॅडमिनने डिलीट केला' ही ओळ तिथेच राहते. ती सगळे बघतात आणि जो तो मनात ठरवतो, असलं इथे बोलायचं नाही. आमच्या ग्रुपवर असंच झालं तेव्हा मी लिहून ठेवलेला मेसेज खोडून टाकला होता. मुलाला सुई देताना माझे हात थरथरतात, एवढंच होतं त्यात. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आणि 'नाही जमत' असं कोणी लिहिलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या. २४ तास चालू, मोफत, मराठीतही बोलतात. पण नंबर देऊन मोकळं होऊ नका, त्याच रात्री कोणीतरी स्वतः बोला.

वर्तकनगरची आई
काल संध्याकाळी ऑफिसमधून घरी न जाता तलावपाळीच्या कट्ट्यावर बसले आणि तिला फोन केला. आधी ती गप्पच होती. मग म्हणाली, "मेसेज काढलात त्याचं काही नाही हो. पण सकाळी तुम्ही ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलंत." मला पुढे बोलताच येईना.

घरी येऊन ग्रुपवर माफी मागितली. तिचं नाव घेतलं नाही, तिनेच नको म्हटलं होतं. इन्सुलिन बंद करायला सांगणारी पोस्ट कारण लिहून काढेन. मन मोकळं करणाऱ्याचा मेसेज काढणार नाही, त्याला सुनावणाऱ्याचा काढेन. नेरूळच्या ताई, तुमचं म्हणणंही खरं आहे, म्हणून मुलं फोन बघतात ही आठवण वरती पिन केली आहे आणि फक्त मोठ्यांसाठी एक वेगळा छोटा ग्रुप उघडलाय. कळव्याचे दादा, तिथे या. माझेही हात पहिले सहा महिने थरथरत होते.

ती अजून परत आलेली नाही. लिंक पाठवून ठेवली आहे. रविवारी दोन्ही पोरांना घेऊन उपवनला भेटायचं ठरलंय.