अंदमान: नील सोडा, हॅवलॉकलाच राहा

सहा जुने मित्र, चार दिवस आणि तीन बेटं? निम्मा वेळ जेट्टीवरच जाईल. नील बेट वगळा, तीन रात्री हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) काढा. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तासाठी तिथल्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनपर्यंत पोहोचा, जेवून रेंगाळलात तर अंधारच बघाल. गप्पांना रात्र लांबलचक मिळते, हा फायदाच म्हणा. पूर्वेच्या विजयनगर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं, खडक उघडे पडतात. पोहायचं तर भरतीची वेळ आधी बघा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर नव्हे. जेवणासाठी अख्खा मासा स्वतः निवडा: डोळे फुगीर, कल्ले लाल. टूनाचे तुकडे मात्र जास्त भाजले की भुसभुशीत, कोरडे होतात. प्रत्येक बाजूला दोन मिनिटं पुरे.